कपाळामागचा मेंदू आणि स्किझोफ्रेनिया : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी ओझरतं लिहिलं होतं की स्किझोफ्रेनिया म्हणजे फक्त भास आणि संशय नाही, कपाळामागे मेंदूचा जो भाग असतो त्याचा बाकीच्या मेंदूशी चालणारा संवाद विस्कळीत होणं हाही या आजारातला मोठा भाग आहे. त्यावर खूप पत्रं आणि मेल आले, बहुतेक घरच्या माणसांचे, दोन-तीन खुद्द पेशंटचे. सगळे घेणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकलेत. इथे वाचून कुणीही आपल्या मनाने गोळ्या कमी-जास्त करू नका एवढं आधीच सांगते.

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आजार सुरू झाला. आता दोन वर्षं गोळ्या चालू आहेत, आवाज बंद झालेत, शेजारचे आपल्यावर नजर ठेवतात असंही आता बोलत नाही. पण दिवसभर पडून असतो, चार वेळा सांगावं तेव्हा अंघोळ, मित्रांचे फोन घेत नाही. थालीपीठ केलं की आवडीने खातो, म्हणजे तोंडाला चव आहे, मग भूक लागली तरी स्वतः उठून ताट का घेत नाही? ह्यांचं म्हणणं आवाज गेले म्हणजे आजार गेला, आता नुसती बसून खायची सवय लागलीय. एमआरआय पण केला, रिपोर्ट नॉर्मल. मग बिघडलंय तरी काय? — एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, थालीपीठाचं तुम्ही लिहिलंत ते वाक्य मी दोनदा वाचलं, कारण त्यात तुम्ही आजाराचं अगदी नेमकं लक्षण पकडलंय. या आजारात समोर आलेल्या गोष्टीचा आनंद बऱ्याच जणांमध्ये शाबूत असतो, मंदावतं ते त्याच्या आधीचं, म्हणजे 'उठलो तर काहीतरी छान मिळेल' असं मनात येणं, त्यासाठी किती कष्ट पडतील याचा अंदाज बांधणं आणि त्या जोरावर अंग हलवणं. हे काम मेंदूच्या एकाच कोपऱ्यात होत नाही. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि मेंदूच्या खोल भागातला स्ट्रायटम, या दोघांमध्ये जी ये-जा चालते तिच्यातून ते होतं आणि तीच ये-जा तुमच्या मुलात क्षीण झालेली असणार. ताट समोर आलं की ही सगळी पायरीच गाळली जाते, म्हणून तो आवडीने खातो. आम्ही याला निगेटिव्ह लक्षणं म्हणतो. इच्छा नसणं, बोलणं कमी होणं, चेहऱ्यावर भाव न दिसणं, माणसांत न मिसळणं ही सगळी त्यात येतात आणि आवाज गेले तरी ती मागे राहू शकतात. तेव्हा ह्यांना सांगा की आजाराचा एक भाग गेलाय, दुसरा आहे अजून, आणि तो सवयीचा भाग नाही.

हे काही आजकालचं शोधून काढलेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने या आजाराचं वर्णन केलं तेव्हाच त्याला फ्रंटल लोबचा, म्हणजे या कपाळामागच्या भागाचा संशय होता, पण दाखवायला हातात काही नव्हतं. ते मिळालं १९७४ मध्ये, स्वीडनमधल्या लुंड इथे, इंग्वार आणि फ्रान्झेन या दोघांनी जुन्या पेशंटच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला तेव्हा. आपण नुसते जागे, शांत बसलेलो असतो तेव्हाही मेंदूच्या पुढच्या भागात रक्त मागच्यापेक्षा जास्त खेळत असतं, या पेशंटमध्ये ते तसं दिसलं नाही आणि जे जास्त गप्प, जास्त अलिप्त होते त्यांच्यात तर आणखीच कमी. मग १९८६ मध्ये अमेरिकेत वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी पुढची गोष्ट केली, पेशंटना एक पत्त्यांची टेस्ट सोडवायला देऊन त्याच वेळी रक्तप्रवाह मोजला. त्या टेस्टमध्ये पत्ते रंगाने लावायचे की आकाराने की संख्येने हे सांगत नाहीत, फक्त बरोबर की चूक एवढंच सांगतात, आणि तुम्हाला नियम सापडला की न सांगता नियम बदलतात. निरोगी माणसाचा प्रीफ्रंटल भाग अशा वेळी जोरात कामाला लागतो, पेशंटचा लागला नाही, आणि हे पेशंट त्या वेळी औषधावर नव्हते, म्हणजे गोळ्यांमुळे असं झालं असंही म्हणता येत नाही. पुढच्या अभ्यासांत चित्र जरा गुंतागुंतीचं झालं, काही सोप्या कामांना उलट हा भाग गरजेपेक्षा जास्त राबताना दिसला, तेवढंच काम करायला जास्त मेहनत घेतो म्हणून. पण काम अवघड झालं की तो मागे पडतो हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

आता एमआरआय. नेहमीचा एमआरआय आपण करतो तो गाठ, सूज, रक्तस्राव, जुना मार असं काही नाही ना हे बघायला, आणि पहिल्यांदा भास सुरू झाले की तो केलेला बरा. स्किझोफ्रेनिया त्यात 'दिसत' नाही. जगभरातल्या ३९ केंद्रांनी मिळून ४,४७४ पेशंट आणि ५,०९८ निरोगी लोकांचे स्कॅन एकत्र तपासले, २०१८ साली ते छापून आलं, त्यात पेशंटच्या मेंदूचं कॉर्टेक्स म्हणजे बाहेरचं आवरण सरासरीने थोडं पातळ निघालं आणि सगळ्यात जास्त फरक फ्रंटल आणि टेम्पोरल, म्हणजे कानांजवळच्या भागात होता. पण ही हजारोंची सरासरी झाली. एकट्या तुमच्या मुलाचा स्कॅन घेतला तर तो निरोगी मुलांच्या स्कॅनमध्ये सहज मिसळून जाईल. शिवाय खरा फरक आहे तो मायक्रोस्कोपखालचा. पिट्सबर्गमधल्या ग्लँट्झ आणि लुईस यांनी मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंमध्ये प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या तिसऱ्या थरातल्या पेशी तपासल्या, तर त्या पेशींच्या फांद्यांवर जे बारीक काटे असतात, जिथे दुसऱ्या पेशीचा निरोप येऊन पोचतो, ते निरोगी मेंदूंपेक्षा सुमारे २३ टक्के कमी होते. पेशी मेलेल्या नाहीत ताई, पेशी आहेत, त्यांच्यातल्या गाठीभेटीच्या जागा कमी आहेत. हे कुठल्याच एमआरआयच्या फिल्मवर दिसत नाही.

घरी काय करायचं, तर सर्वात आधी टोमणे बंद. हे मी संस्कार म्हणून सांगत नाहीये, ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात झालेल्या अभ्यासांपासून दिसत आलंय की ज्या घरात पेशंटवर सतत टीका होते तिथे आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त असतं. दुसरं म्हणजे सुरुवात करून देणं. 'अंघोळ कर' हे वाक्य आपल्याला एक काम वाटतं, त्याच्या मेंदूला मात्र ते उठणं, टॉवेल शोधणं, कपडे काढून ठेवणं, पाणी काढणं असं सात-आठ कामांचं गाठोडं असतं आणि नेमकं ते सोडवणाराच भाग थकलेला असतो. म्हणून रोज एकच ठरलेली वेळ, टॉवेल हातात, पाणी काढलेलं, आणि 'चल' एवढंच. पहिली पायरी तुम्ही चढवलीत की पुढच्या बऱ्याचदा तो स्वतः चढेल. आणि पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना तीन गोष्टी मुद्दाम विचारा : गोळीमुळे सुस्ती येतेय का, अंग जखडतंय का, आणि डिप्रेशन आहे का. ही तिन्ही निगेटिव्ह लक्षणांसारखीच दिसतात आणि तिन्हींवर इलाज आहे. ओपीडीत पाच मिनिटं मिळतात, त्यात आपण 'बरा आहे, झोपतो खूप' म्हणून बाहेर येतो, तसं करू नका, कागदावर लिहून न्या.

प्रश्न : मी एम.ए. सायकॉलॉजीची विद्यार्थिनी आहे. एका पुस्तकात लिहिलंय स्किझोफ्रेनियात डोपामिन वाढतं, दुसऱ्यात लिहिलंय फ्रंटल भागात कमी होतं. मग नक्की काय? परीक्षेत काय लिहू? — पुणे

उत्तर : दोन्ही लिही, फक्त जागा लिहायला विसरू नकोस. स्ट्रायटममध्ये डोपामिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन, जास्त तयार होतं आणि जास्त सुटतं, हे मेंदूतली रसायनं दाखवणाऱ्या पेट स्कॅनवर चांगलं सिद्ध झालंय आणि भास-संशय मुख्यतः त्याच्याशी जोडलेले आहेत. प्रीफ्रंटलमध्ये मात्र ते कमी सुटतं, २०१५ मध्ये स्लिफस्टाइन आणि सहकाऱ्यांनी तेही पेट स्कॅनवरच दाखवलं. आता गंमतीचा भाग हा की या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत. २००२ मध्ये मायर-लिंडेनबर्ग यांच्या टीमने एकाच पेशंटमध्ये दोन्ही मोजलं, मी वर सांगितलेल्या पत्त्यांच्या टेस्टला ज्याचा प्रीफ्रंटल भाग जितका कमी जागा झाला तितकं त्याच्या स्ट्रायटममध्ये डोपामिनचं काम जास्त दिसलं. म्हणजे वरचा लगाम सैल आणि खालचा भाग मोकाट, असा त्याचा एक अर्थ लावतात. अर्थात नुसतं सोबत दिसलं म्हणून कोण कारण आणि कोण परिणाम हे ठरत नाही हेही उत्तरात लिही, तपासणाऱ्याला बरं वाटेल आणि ते खरंही आहे.

यातूनच एक व्यवहारातली गोष्ट कळते. १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन हे या आजाराचं पहिलं औषध आल्यापासून आपली जवळपास सगळी औषधं डोपामिनच्या डी-टू रिसेप्टरला, म्हणजे पेशीवर डोपामिन जिथे येऊन बसतं त्या जागेला, अडवतात, आणि हे रिसेप्टर स्ट्रायटममध्ये भरपूर, प्रीफ्रंटलमध्ये अगदी थोडे. म्हणून आवाज थांबतात पण उत्साह, लक्ष, नियोजन यांच्यात म्हणावा तसा फरक पडत नाही, वरच्या पत्रातल्या ताईंचा अनुभव तोच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे डी-टूला हात न लावणारं, वेगळ्याच मस्करिनिक रिसेप्टरवर काम करणारं औषध मंजूर झालं, सत्तर वर्षांनी नवी वाट उघडली म्हणून आम्हा सगळ्यांचं त्याकडे लक्ष आहे.

प्रश्न : बहिणीला आवाज येतात, खालच्या मजल्यावरच्या बायका तिला नावं ठेवतात असं म्हणते. मी तिला खाली नेऊन दाखवलं, घर बंद होतं, कुलूप होतं, तरी तेच. डॉक्टर म्हणाले तो तिचाच विचार आहे. मग स्वतःचा विचार स्वतःला ओळखू कसा येत नाही? — एक भाऊ, ठाणे

उत्तर : भाऊ, तू स्वतःच्या तळपायाला गुदगुल्या करून बघ. होत नाहीत. कारण हात हलवायचा हुकूम मेंदूच्या पुढच्या भागातून निघतो तेव्हाच त्याची एक प्रत संवेदना ओळखणाऱ्या भागाकडेही जाते, 'आता जे जाणवेल ते आपलंच आहे' अशी, आणि मग मेंदू ती जाणीव दाबून टाकतो. बोलतानाही तसंच. फ्रंटल भागातून शब्द निघायच्या आधी ऐकणाऱ्या टेम्पोरल भागाला खबर जाते, म्हणून स्वतःचा आवाज आपल्याला दचकवत नाही, आणि मनातल्या मनात बोलतो तेव्हाही बहुधा हीच यंत्रणा चालते. लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर यांनी २००० साली दाखवलं की ज्या पेशंटना आवाज येतात किंवा आपल्याला कुणीतरी बाहेरून चालवतंय असं वाटतं त्यांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळपास सारखाच जाणवतो. ती प्रत पोचतच नाही किंवा उशिरा पोचते. आणि १९९३ मध्ये लंडनमध्येच आवाज ऐकू येत असताना पेशंटच्या मेंदूतला रक्तप्रवाह मोजला, तेव्हा जागा होता तो ब्रोका नावाचा भाग, म्हणजे बोलणारा भाग! तिचा मेंदूच बोलतोय पण 'मी बोलतेय' हा शिक्का लागत नाही, आणि शिक्का नसलेला आवाज बाहेरचाच वाटणार ना. या पुढच्या आणि मागच्या भागाला जोडणारा मज्जातंतूंचा जो जुडगा आहे त्याच्यातही फरक सापडलेत.

म्हणून कुलूप दाखवून उपयोग झाला नाही. तिच्यासाठी तो आवाज तुझ्या आवाजाइतकाच खरा आहे, आणि शिवाय 'हे पटण्यासारखं आहे का' असं स्वतःच्या विचाराला तपासणारा भागही प्रीफ्रंटलच, तोच थकलेला. 'खोटं आहे' म्हणू नकोस, 'हो खरंच बोलतात' असंही म्हणू नकोस. 'मला ऐकू येत नाही, पण तुला ऐकू येतंय आणि त्रास होतोय हे दिसतंय मला, काय केलं की जरा कमी होतं?' असं विचार. काहींना हळू आवाजात गुणगुणल्याने किंवा मोठ्याने वाचल्याने आवाज कमी होतात, करून बघायला हरकत नाही. आणि आवाज तिला काही करायला सांगतायत का, स्वतःला इजा करायला सांगतायत का, हे सरळ विचार, विचारल्याने तसं मनात येत नाही. तसं असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. रात्र असेल, कुणी मिळत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात.

प्रश्न : बारावीपर्यंत एकदम हुशार मुलगा, मग अठराव्या वर्षी हे असं कसं? आम्ही अभ्यासाचं प्रेशर दिलं म्हणून का? माझ्या सासूबाई म्हणतात आईनेच लाडावून ठेवला, नणंद म्हणते आईनेच धाकात ठेवला. — नाशिक

उत्तर : सासूबाईंचंही चूक आणि नणंदेचंही चूक. अमेरिकेत १९४८ मध्ये फ्रिडा फ्रॉम-राइखमन या नामवंत मनोविश्लेषक बाईंनी आईमुळे हा आजार होतो अशी कल्पना मांडली आणि पुढची काही दशकं हजारो आया त्यात भरडल्या गेल्या. पुराव्यात ते टिकलं नाही. तुम्ही ते ओझं खाली ठेवा.

अठरा हे वय का, याचं उत्तर मात्र फ्रंटल भागाशीच येऊन थांबतं. लहानपणी मेंदूत पेशींचे जोड गरजेपेक्षा खूप जास्त तयार होतात आणि मग जे वापरले जात नाहीत ते छाटले जातात. पीटर हुटेनलोकर यांनी १९७९ मध्ये मानवी फ्रंटल कॉर्टेक्समधले जोड अक्षरशः मोजून हे दाखवलं. बघण्या-ऐकण्याच्या भागातली छाटणी लवकर आटोपते, प्रीफ्रंटलची सगळ्यात शेवटी, किशोरवयापासून थेट विशीच्या मध्यापर्यंत, आणि मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण चढणंही तिथेच सगळ्यात उशिरा संपतं. १९८२ मध्ये अर्विन फाइनबर्ग यांनी विचारलं की ही छाटणीच चुकीची झाली तर? तेव्हा तो फक्त तर्क होता. २०१६ मध्ये हार्वर्डच्या टीमला सी-फोर नावाच्या जीनमध्ये धागा सापडला, हा जीन मुळात आपल्या प्रतिकारशक्तीचा, पण मेंदूत तो कुठला जोड काढून टाकायचा यावर खूण करायला मदत करतो आणि त्याचे जे प्रकार जास्त जोरात काम करतात ते असलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचा धोका थोडा जास्त दिसला. म्हणजे छाटणी बहुधा प्रमाणाबाहेर होते. हा एकच जीन जबाबदार आहे असं मात्र बिलकुल नाही, २०२२ पर्यंत जीनोममधल्या २८७ जागा सापडल्यात आणि प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. त्यात गर्भारपणातले काही त्रास, बाळंतपणातली गुंतागुंत, आणि या वयात गांजा, विशेषतः लवकर आणि रोज ओढणं, यांची भर पडते. त्याला धाकटा भाऊ असेल तर त्याच्यासाठी ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, सख्ख्या भावंडाला आजार असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांच्या आसपास धरतात, म्हणजे न होण्याचीच जास्त, पण त्याने गांजापासून लांबच राहावं हे त्याला घाबरवता न बोलता सांगा.

हुशार मुलाला कसं झालं असं तुम्ही विचारलंत. झालं ते यासाठी की दहावी-बारावीपर्यंत शाळा आणि घर मिळून त्याचं वेळापत्रक चालवत होते, आणि ज्या वयात स्वतःचं नियोजन, मित्र, कॉलेज, निर्णय सगळं एकदम अंगावर येतं नेमक्या त्याच वयात ते पेलणारा भाग अर्धवट तयार आणि कमी जोडांचा निघाला. मार्कांचं प्रेशर आजार तयार करत नाही, ज्याच्यात तो तयार होत आलाय त्याच्यात कदाचित लवकर बाहेर आणतं.

प्रश्न : लग्न करून दिलं की जबाबदारीने सुधारेल असं सगळे म्हणतात. — बीड

उत्तर : नाही सुधारत. नवं घर, नवी माणसं, कमी झोप, रोजचे नवे निर्णय, हे सगळं कमकुवत झालेल्या भागावरच येऊन पडतं, आणि समोरच्या मुलीला न सांगता केलं असेल तर औषधं लपवून घ्यावी लागतात, चुकतात आणि आजार उलटतो. आजार बरेच महिने स्थिर आहे, स्वतःची इच्छा आहे, समोरच्याला सगळं माहीत आहे, तर लग्न जरूर करावं. औषध म्हणून करू नये.

प्रश्न : माझ्या आजोबांच्या भावाचं पन्नासच्या दशकात मेंदूचं ऑपरेशन केलं होतं असं घरात बोलतात, ते नंतर एकदम थंड झाले म्हणे. तुम्ही फ्रंटल भाग बिघडतो म्हणता, मग तेव्हा तोच कापत होते का? — मुंबई

उत्तर : हो, त्याचे जोड कापत होते. पोर्तुगालमधल्या लिस्बनच्या एगास मोनिझने १९३५ मध्ये ते सुरू केलं, त्याला १९४९ मध्ये नोबेलही मिळालं, अमेरिकेत वॉल्टर फ्रीमनने तर हजारो लोकांवर केलं. आरडाओरडा करणारा माणूस शांत व्हायचा, म्हणून लोकांना गुण आला असं वाटायचं. प्रत्यक्षात ज्या जोडांची आधीच कमतरता होती तेच आणखी तोडले जात होते, आणि तुमच्या घरात जे 'थंड झाले' म्हणतात ते म्हणजे इच्छा, पुढाकार, आपलेपणा कायमचा जाणं. मला हे लिहितानाही त्रास होतो. गोळ्या आल्यावर ते हळूहळू मागे पडलं. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मेंदूवरचं असं ऑपरेशन पेशंटची स्वतःची माहितीपूर्ण संमती आणि या कायद्याखाली नेमलेल्या बोर्डाची परवानगी या दोन्हींशिवाय करता येत नाही, आणि पेशंटला साखळीने बांधायला तर पूर्ण बंदी आहे, मग ते हॉस्पिटल असो की कुठलं देवस्थान.

प्रश्न : डोक्याला मॅग्नेट लावून किंवा करंट देऊन फ्रंटल भाग जागा करतात असं ऐकलं. खर्च करावा का? बुद्धिवर्धक टॉनिकचा उपयोग होतो का? — कोल्हापूर आणि पणजीहून आलेले दोन प्रश्न

उत्तर : टॉनिकवर एक रुपयाही घालू नका. मॅग्नेटचं सांगते. डाव्या प्रीफ्रंटलवर मॅग्नेटचे ठोके देऊन निगेटिव्ह लक्षणं सुधारतात का हे जर्मनीत १७५ पेशंटवर नीट तपासलं, २०१५ मध्ये निकाल आला आणि खरे ठोके आणि तुलनेसाठी दिलेले खोटे ठोके यांत फरक निघाला नाही. छोट्या अभ्यासांत फायदा दिसलाय, त्यामुळे दार बंद झालेलं नाही, पण कर्ज काढून करण्यासारखं नक्कीच नाही. सौम्य करंटचं, म्हणजे टीडीसीएसचं थोडं वेगळं आहे. फ्रान्समध्ये २०१२ मध्ये एक टोक डाव्या प्रीफ्रंटलवर आणि दुसरं कानाच्या वरच्या-मागच्या भागावर ठेवून, दोन मिलीअँपिअर, वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, पाच दिवस असं दिलं तेव्हा औषधांना दाद न देणारे आवाज कमी झाले. पुढच्या सगळ्या अभ्यासांत तितका गुण दिसला नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत यावर बरंच काम झालंय, औषधं घेऊनही आवाज जात नसतील तर अशा ठिकाणी विचारावं.

मला स्वतःला यातला सगळ्यात विचार करायला लावणारा अभ्यास २०१९ चा वाटतो. त्यात संशोधकांनी आधी स्कॅनवर शोधलं की निगेटिव्ह लक्षणं ज्यांची जास्त त्यांच्यात कुठला जोड कमकुवत आहे, तर तो निघाला उजव्या प्रीफ्रंटलचा आणि डोक्याच्या मागे असलेल्या सेरेबेलमचा. मग ठोके कपाळावर न देता सेरेबेलमवर दिले, जोड सुधारला तसं लक्षणंही सुधारली. पेशंट अगदी थोडे होते, त्यामुळे उपचार म्हणून आज मागायला जाऊ नका. पण भागाऐवजी जोडावर काम करायचं हा विचार पक्का होत चाललाय, कार्ल फ्रिस्टन आणि क्रिस फ्रिथ यांनी १९९५ मध्येच हा आजार म्हणजे जोड विस्कटण्याचा आजार आहे असं मांडलं होतं.

आणि पैसे खर्च करायचेच असतील तर दोन गोष्टी आधी. दोन औषधं पुरेशा डोसमध्ये पुरेसे दिवस देऊनही गुण नाही तर क्लोझापिन या औषधाबद्दल विचारा, रक्ततपासणी करत राहावी लागते म्हणून लोक टाळतात आणि वर्षं वाया जातात. दुसरं म्हणजे घरी येऊन काम करणारी मदत. तमिळनाडू, गोवा आणि आपला सातारा इथे मिळून २८२ पेशंटवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, त्यात गावातल्याच प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन औषधं, दिनक्रम, कामधंदा यावर काम केलं, तर नुसत्या ओपीडीपेक्षा लक्षणं आणि अडचणी दोन्ही थोड्या जास्त कमी झाल्या. थोड्याच, पण खऱ्या.

प्रश्न : नमस्कार. मीच पेशंट आहे, वय ३१. सहा वर्षं औषध चालू, आवाज नाहीत. प्रेसमध्ये कामाला आहे. मालक एकदम तीन गोष्टी सांगतात, मी पहिली करतो आणि बाकीच्या डोक्यातून जातात. पूर्वी असं नव्हतं. मला भीती वाटते की मेंदू हळूहळू संपत चाललाय. मालकांना आजाराचं सांगू का? — नाव नको

उत्तर : मित्रा, आधी भीतीचं. मेंदू संपत चाललेला नाही. अल्झायमरमध्ये जशा पेशी मरत जातात तसं इथे होत नाही, लक्ष आणि स्मरणातला हा फरक बहुतेकांमध्ये आजाराच्या सुरुवातीलाच, कधी आधीच येतो आणि मग बराच काळ साधारण तिथेच राहतो. तुला जे होतंय त्याला वर्किंग मेमरी म्हणतात, म्हणजे एखादी गोष्ट वापरून होईपर्यंत मनात धरून ठेवणं. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया गोल्डमन-राकिक यांनी माकडांच्या प्रीफ्रंटलमध्ये अशा पेशी दाखवल्या की ज्या वस्तू डोळ्याआड झाल्यावरही, ती कुठे होती हे आठवायचं असेपर्यंत, सारख्या धडधडत राहतात. एकेकटी पेशी हे करू शकत नाही, हजारो पेशींना एका ठेक्यात राहावं लागतं. ढोल-ताशा पथकात कसं, पन्नास ढोल असतात पण सगळे लक्ष ठेवून असतात टोलवाल्याकडे, टोल डळमळला की ढोल वाजत राहतात पण ठेका फुटतो. प्रीफ्रंटलमध्ये टोलचं काम पार्वअल्ब्युमिन नावाचं प्रथिन असलेल्या छोट्या पेशी करतात, सेकंदाला चाळीसच्या आसपास ठोके पडतात, आणि स्किझोफ्रेनियात या पेशी असतात पण त्यांचं निरोपाचं रसायन, गाबा, त्यांच्यात कमी तयार होतं. दुसरी आणि तिसरी सूचना तिथे सुटते. तुझा निष्काळजीपणा नाही यात.

करण्यासारखं बरंच आहे. खिशात छोटी वही, मालक बोलायला लागले की लिहायचं आणि शेवटी वाचून दाखवायचं, 'एवढं तीन ना?' असं, प्रेसमध्ये यात कुणाला वावगं वाटणार नाही. मोबाइलचे अलार्म. झोप पूर्ण. आठवड्यातून तीन-चार वेळा घाम येईल इतकं चालणं किंवा सायकल, व्यायामाने या आजारात लक्ष आणि स्मरण थोडं सुधारतं हे अनेक चाचण्यांत दिसलंय. कॉग्निटिव्ह रिमेडिएशन नावाचं ट्रेनिंग असतं, कुणीतरी सोबत बसून सराव करून घेतं आणि तो कामाच्या ठिकाणी कसा वापरायचा हे शिकवतं, मोठ्या हॉस्पिटलांत आणि काही संस्थांत मिळतं. आणि एक अगदी महत्त्वाचं, तुझ्या प्रिस्क्रिप्शनमध्ये ट्रायहेक्सिफेनिडिल आहे का बघ. हात थरथरू नयेत म्हणून ती गोळी देतात, गरज असते तेव्हा ती लागतेच, पण कितीतरी लोकांना ती वर्षानुवर्षं नुसती पुढे चालू राहते आणि ती गोळी स्मरणशक्ती कमी करते. असेल तर एकदम बंद करू नकोस, डॉक्टरांना विचार, आता गरज आहे का, हळूहळू कमी करता येईल का.

मालकांना सांगायचं की नाही हे तू ठरव, सांगायची सक्ती तुझ्यावर कुणाची नाही. 'मला लिहून दिलं तर काम चोख होतं' एवढं सांगितलंस तरी बरंच साध्य होईल. मात्र २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे, सरकारी हॉस्पिटलमध्ये आयडियाज नावाच्या मोजपट्टीवर तपासून टक्केवारी काढतात, ४० टक्के किंवा जास्त आली तर सर्टिफिकेटवर सवलती आणि सरकारी नोकरीतलं आरक्षण मिळू शकतं. तू कामावर जातोस म्हणजे मिळणारच नाही असं समजू नकोस, अर्ज ऑनलाइन करता येतो, जुने केसपेपर आणि सहा वर्षांची प्रिस्क्रिप्शन्स जपून ठेवली असशील तर ती सोबत ने.